गिरीजला कुणी विचारलं? अमेरिकेची राज्यघटना आणि आपली महापालिका

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे.)

लोकलमध्ये असाल तर दारातून जरा आत सरका, बाइकवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या आणि मग ऐका. आजचा विषय स्पर्धा परीक्षेवाल्यांचा लाडका आहे: अमेरिकेची राज्यघटना कोणत्या तत्त्वांवर उभी आहे? पुस्तकात याचं उत्तर चार-पाच मुद्द्यांत मिळतं. लोकांची संमती, सत्तेची विभागणी, संघराज्य, हक्कांची सनद. पाठ करायचं, पेपरात लिहायचं आणि विसरायचं.

पण मी राहते गिरीजला. वसई तालुक्यात, वाड्यांच्या आणि केळीच्या पट्ट्यात. आणि माझ्या मते त्या चार-पाच मुद्द्यांमधला पहिला मुद्दा, म्हणजे लोकांची संमती, समजून घ्यायला गिरीजएवढी चांगली जागा शोधून सापडणार नाही. कारण आपल्यावर राज्य कुणी करायचं हे वसईच्या लोकांना न विचारता ठरवायची परंपरा जवळजवळ पाचशे वर्षांची आहे.

वसई देणे आहे, वसई घेणे आहे

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकली. आपल्या हिरा डोंगरीवर, दत्ताच्या देवळाला जाताना ज्या वज्रगडाचं नाव कानावर पडतं, तो त्याच मोहिमेशी जोडलेला आहे. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांना पेशवेपद हवं होतं आणि त्यासाठी इंग्रजांची फौज हवी होती. सुरतेला तह झाला आणि त्या बदल्यात राघोबांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यायचं कबूल केलं. मार्च १७७६ मध्ये पुरंदरला दुसरा तह झाला आणि वसई मराठ्यांकडे राहिली. १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांनी वसई लढून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात परत केली. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला, त्याला तर वसईचाच तह म्हणतात.

आता यात वाडीत पानवेल लावणारा माणूस कुठे आहे? मासळी सुकवणारी बाई कुठे आहे? कुठेच नाही. सकाळी उठून त्यांनी फक्त एवढंच विचारायचं, की आजपासून सारा कुणाला भरायचा?

आणि गंमत बघा. पुरंदरच्या तहानंतर जेमतेम चार महिन्यांनी, ४ जुलै १७७६ ला, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एक जाहीरनामा मंजूर झाला. त्यातला मुख्य विचार असा, की राज्य करायची न्याय्य सत्ता येते ती ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या संमतीतून. राजाकडून नाही, तलवारीतून नाही, तहाच्या कागदातून तर नाहीच नाही. समोर इंग्लंडच होतं. म्हणजे ज्या सत्तेशी राघोबादादा वसईचा सौदा करत होते, त्याच सत्तेला तेरा वसाहती सांगत होत्या की आम्हाला विचारल्याशिवाय आमचा सौदा करायचा नाही.

राजावरची आरोपांची यादी

त्या जाहीरनाम्याची सुरुवातीची वाक्यं सगळ्यांना माहीत असतात. मला त्याच्या मधला भाग जास्त आवडतो. तो कंटाळवाणा म्हणून कुणी वाचत नाही, कारण तिथे राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी आहे.

आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर बसवले, ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. १७६५ मध्ये कागदपत्रांवर मुद्रांक कर आला आणि १७७३ मध्ये चहावरच्या करावरून बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात गेल्या. कर मोठा होता म्हणून ते एवढे चिडले नव्हते. कर लावणाऱ्या लंडनच्या संसदेत त्यांचा एकही माणूस नव्हता, हे त्यांना सलत होतं.

पण यादीत अजून दोन तक्रारी आहेत, त्या नीट ऐका. एक: राजाने लोकांच्या निवडून आलेल्या सभा बरखास्त केल्या आणि नंतर बराच काळ नव्या निवडणुकाच होऊ दिल्या नाहीत. दुसरी: सभा अशा लांबच्या, गैरसोयीच्या ठिकाणी बोलावल्या की माणसं दमून जावीत आणि मुकाट्याने हो म्हणावीत.

या दोन तक्रारी डोक्यात ठेवा. आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

वाक्य लिहिलं, यंत्र कुठाय?

आता एक प्रामाणिक गोष्ट. ज्यांनी संमतीचं तत्त्व लिहिलं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी गुलाम होते. बायकांना मत नव्हतं. मूळ रहिवाशांना कुणी विचारलं नव्हतं. गुलामगिरी संपायला १८६५ साल उजाडलं आणि त्याआधी यादवी युद्ध झालं. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले लोक होते. म्हणजे फुल्यांनी अमेरिकेचं कौतुक केलं, पण नेमकं कशाचं करायचं हे निवडून केलं. आपणही तसंच करायला हरकत नाही.

दुसरी अडचण अशी, की तत्त्व लिहिल्याने कारभार चालत नाही. पहिली काही वर्षं अमेरिकेचं केंद्र इतकं कमजोर होतं की त्याला कर गोळा करता येत नव्हता. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. मग १७८७ च्या उन्हाळ्यात ५५ प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि सप्टेंबरात ३९ जणांनी नव्या घटनेवर सही केली. ती लागू कधी होणार? तेरापैकी नऊ राज्यांत लोकांनी निवडलेल्या परिषदांनी मंजूर केल्यावर. नववं राज्य जून १७८८ मध्ये आलं.

या घटनेत यंत्र कसं बसवलंय? आपल्या हाउसिंग सोसायटीच्या भाषेत सांगते. सेक्रेटरी, खजिनदार आणि ऑडिटर ही तिन्ही पदं एकाच माणसाकडे असली, तर तो माणूस देवमाणूस असला तरी सभासदांनी झोपू नये. म्हणून कायदा करणारी काँग्रेस वेगळी, तो राबवणारा राष्ट्राध्यक्ष वेगळा, निवाडा करणारं न्यायालय वेगळं. राष्ट्राध्यक्ष कायदा परत पाठवू शकतो आणि काँग्रेस दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी तो तरीही मंजूर करू शकते. शिवाय काही सत्ता केंद्राकडे आणि उरलेली राज्यांकडे. आणि १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या, ज्यांत सरकारने नागरिकाच्या बाबतीत काय करायचं नाही ते लिहिलं.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो एक रुक्ष नियम: लोकप्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी आणि राष्ट्राध्यक्षाची दर चार वर्षांनी. सोयीची वेळ बघून घेऊ, अशी सवलत नाही. १८६४ मध्ये देश आपापसात लढत होता, रणांगणावर माणसं मरत होती, तरी नोव्हेंबरात निवडणूक झाली. लिंकन स्वतः उमेदवार होते आणि हरायची भीती त्यांना खरोखर वाटत होती. पुढे ढकला म्हणायला याहून मोठं कारण काय असणार? पण ढकलली नाही. संमती एकदा दिली की कायमची झाली, असं नसतं. ती ठरलेल्या तारखेला पुन्हा मागायला यावंच लागतं.

अमेरिकेतलं गिरीज

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आहे म्हणजे अमेरिकेत छोट्या गावाला कुणी न विचारता शहरात घालणार नाही. इथे गोष्ट उलटी फिरते.

पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग शहर आहे, पोलाद कारखान्यांचं. नदीच्या पलीकडे अलेघेनी नावाचं वेगळं शहर होतं. १९०० साली अलेघेनीची वस्ती सुमारे १ लाख ३० हजार आणि पिट्सबर्गची सुमारे ३ लाख २० हजार. १९०६ मध्ये राज्याने कायदा केला की दोन्ही शहरं एकत्र करायची का यावर मतदान घ्या, आणि दोन्हीकडची मतं एकत्र मोजा. झालं! अलेघेनीच्या बहुसंख्य मतदारांनी नको म्हटलं, पिट्सबर्गने हो म्हटलं, आणि बेरजेत हो जिंकलं. अलेघेनीचे लोक न्यायालयात गेले. आम्ही आमच्या सोयी आमच्या पैशांनी केल्या, आता पिट्सबर्गचं कर्ज आमच्या करातून का फेडायचं, हा त्यांचा सवाल.

नोव्हेंबर १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा आशय असा: नगरपालिका ही राज्याने आपल्या सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे. राज्य तिची हद्द वाढवू शकतं, कमी करू शकतं, दुसरीत मिसळू शकतं, आणि तेही तिथल्या नागरिकांची संमती असो वा नसो. अलेघेनी नकाशावरून गेलं. आज तो पिट्सबर्गचा उत्तरेकडचा भाग आहे.

कारण काय? अमेरिकेच्या घटनेत शहर, गाव, नगरपालिका हे शब्दच नाहीत. केंद्र आहे, राज्यं आहेत, नागरिक आहेत. गाव राज्याच्या खिशात.

मात्र त्या खिशालाही मर्यादा आहे. अलाबामा राज्याने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून अठ्ठावीस बाजूंची केली. हेतू एवढाच की काळे मतदार हद्दीबाहेर जावेत. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही. हद्द बदलायचा अधिकार आहे म्हणून वंश बघून लोकांचं मत काढून घेता येत नाही.

आता आपल्या वेशीवर

३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गिरीज त्यात आलं. गावांमध्ये मोठं आंदोलन पेटलं. त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत याच प्रश्नावर विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. ३१ मे २०११ ला राज्य सरकारने २९ गावं वगळायची अधिसूचना काढली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती आली, आणि गावं राहिली तिथेच. वर्षं गेली. २०२४ मध्ये सरकारने वगळण्याचा निर्णयच मागे घेतला. २०११ मध्ये जन्मलेलं पोर तोवर सातवी-आठवीत पोहोचलं होतं.

गावं वगळावीत की नाही, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. काका म्हणतात, ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंचाला रस्त्यात अडवून विचारता यायचं. माझा चुलतभाऊ म्हणतो, पावसाचं पाणी आणि कचरा गावाची वेस बघून थांबत नाही, नाल्याचं नियोजन एकटं गाव काय करणार? दोघांचंही खरं आहे. २०१८ च्या जुलैत पाणी भरलं तेव्हा गाव कुठलं आणि शहर कुठलं, हे पाण्याने विचारलं नव्हतं.

आणि गाव म्हणजे आपोआप लोकशाही, असंही समजू नका. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते, अमेरिका त्यांनी जवळून पाहिली होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी गावगाड्यावर कडाडून टीका केली आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचं समाधान व्यक्त केलं. गावात कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. अमेरिकेत मॅडिसनचीही काळजी जवळची होती: जेवढी जागा लहान, तेवढं एका गटाला बाकीच्यांवर दादागिरी करणं सोपं.

मग नंतर सभागृहातल्या आग्रहामुळे ग्रामपंचायती कलम ४० मध्ये आल्या, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. न्यायालयात जाऊन मागता येणार नाही असं. १९९२ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ मध्ये लागू झाली, आणि जे अमेरिकेच्या घटनेत नाही ते आपल्या घटनेत आलं. गाव आलं, शहर आलं. ग्रामसभा आली. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, हे आलं.

फक्त एक दार उघडं राहिलं. गाव कधी शहर व्हायचं हे कोण ठरवणार? कलम २४३ क्यू म्हणतं, राज्यपाल ठरवतील, म्हणजे व्यवहारात राज्य सरकार. काय बघून? लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल, शेतीबाहेर काम करणाऱ्यांचं प्रमाण, आर्थिक महत्त्व. या यादीत लोकांची इच्छा नाही. सरकार हरकती आणि सूचना मागवतं, सुनावणी होते. पण ऐकून घेणं वेगळं आणि संमती घेणं वेगळं. अलेघेनीत निदान मतपेटी तरी ठेवली होती!

साडेपाच वर्षं

आता त्या दोन तक्रारींकडे परत येऊ.

वसई-विरार महापालिकेची निवडणूक जून २०१५ मध्ये झाली. पाच वर्षांची मुदत जून २०२० मध्ये संपली. आधी कोरोना, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे खटले. सगळा कारभार प्रशासक म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या रखडलेल्या निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. मध्ये गेली साडेपाच वर्षं. हे फक्त वसईत नाही, मुंबई-पुण्यातही असंच झालं.

हिशेब करा. जुलै २०१५ मध्ये अठरा वर्षांचा झालेला गिरीजचा मुलगा महापालिकेसाठी पहिलं मत देतो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा असतो. या साडेपाच वर्षांत घरपट्टी थांबली नाही. अंदाजपत्रक मंजूर होत राहिलं. बांधकामाच्या परवानग्या दिल्या गेल्या. प्रश्न विचारायला सभागृहात निवडून आलेला एकही माणूस नव्हता. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. चांगलेही असतील. पण ते तुमच्या मताने आले नव्हते आणि तुमच्या मताने जाणार नव्हते.

१७७६ च्या यादीतली तक्रार आठवा: सभा संपवल्या आणि बराच काळ निवडणुका घेतल्या नाहीत. आणि आपल्या घटनेचं कलम २४३ यू काय म्हणतं? मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अक्षर स्वच्छ आहे. तरी झालं नाही. कुणी क्रांती केली नाही, कुणी घटना जाळली नाही. तारीख फक्त पुढे सरकत राहिली आणि आपल्याला त्याची सवय झाली.

दुसरी तक्रार लांबच्या सभेची. ग्रामसभा गावात भरायची. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला. चालत जाता यायचं, आजीसुद्धा जाऊन बसायची. आता २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांच्या वर वस्ती आणि ११५ नगरसेवक. महासभेत गिरीजच्या माणसाला उठून बोलायचा हक्क नाही. गाव शहरात गेलं की जे हरवतं ते नाव किंवा वेस नव्हे, ही समोरासमोर विचारायची जागा हरवते. तिची भरपाई शहरात कुठे होणार? प्रभाग समितीत. म्हणून ती समिती जिवंत असणं गिरीजला जुहू-पार्ल्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

तर अमेरिकेच्या घटनेतून गिरीजने काय घ्यायचं? माझं उत्तर असं: संमती ही भावना नाही, ती तारीख आहे, जागा आहे आणि प्रश्न विचारायचा हक्क आहे. या तीनपैकी एक जरी गेली, तरी पहिल्या पानावरचं ‘आम्ही लोक’ नुसतं छापील राहतं.

मग या आठवड्यात तीन कामं. पहिलं, आपला प्रभाग क्रमांक कोणता आणि आता निवडून आलेले आपले नगरसेवक कोण, हे बघा. प्रभागात एकाहून जास्त असतील, सगळ्यांची नावं लिहा. दुसरं, आपल्या प्रभाग समितीची बैठक कधी असते, मागच्या बैठकीचं इतिवृत्त कुठे मिळतं, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तिसरं, विकास आराखडा किंवा हद्दीबद्दल कुठलीही अधिसूचना निघाली की हरकतींची शेवटची तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. हरकत म्हणजे संमती नाही, हे आत्ताच म्हटलं. पण ज्या गावातून हरकतच गेली नाही, त्या गावाने हो म्हटलं असं फाइलीत लिहिलं जातं.

आणि हो, पुढची महापालिका निवडणूक जानेवारी २०३१ च्या आत व्हायला हवी. तीही आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. त्या महिन्यात मतदान झालेलं नसेल, तर का नाही, हे विचारणारे आपण असू.

हा भाग घरातल्या काकाला आणि चुलतभावाला, दोघांनाही ऐकवा. भांडतील, भांडू द्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.